पहिल्याच दिवशी घ्यायचा का?

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. नवा गेम कन्सोल बाजारात येताच पहिल्याच दिवशी घ्यायचा का, हे प्री-ऑर्डर सुरू व्हायच्या आत हो की नाही ते सांग म्हणतेस. फोनवर तू मला बोलता बोलता गुंडाळतेस आणि मी हो म्हणून मोकळी होते, म्हणून हे पत्र.

पैसे तू साठवलेले आहेत, त्यामुळे परवानगीचा प्रश्नच नाही. ‘एवढ्या पैशांत काय काय आलं असतं’ हे पालुपदही मी लावणार नाही, ते बाबांचं खातं आहे. तू मत विचारलंस, मी मत देते.

माझी सगळी नोकरी क्वालिटी विभागात गेली. ‘पहिला लॉट’ म्हटलं की माझे कान आपोआप टवकारतात. कारखान्यात ठरावीक नमुने तपासणं वेगळं आणि तेच यंत्र लाखो घरांत, टीव्हीखालच्या कोंदट कप्प्यात, रात्र रात्र चालणं वेगळं. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स 360 हा कन्सोल आला 2005 च्या नोव्हेंबरमध्ये. पुढे लोकांच्या यंत्रांवर पॉवर बटणाभोवतीच्या वर्तुळाच्या चार भागांपैकी तीन लाल चमकायला लागले. तसं झालं की यंत्र मेलं म्हणून समजायचं. त्यामागचं कारण माझ्या रोजच्या कामातलं आहे. चिप चालताना तापते, बंद केली की निवते. दर वेळी ती जराशी फुगते आणि जराशी आकसते. तिच्या खाली सोल्डरचे, म्हणजे वितळवून जोड देतात त्या धातूचे, बारीक ठिपके असतात, सगळी जोडणी त्यांच्यावर. हा ताण सोसून सोसून ते शेवटी तडकतात. एकदा तापवून तपासलं तर सगळं झकास दिसतं, दोष कळतो तो असंख्य वेळा तापल्या-निवल्यावर. लोक तर टॉवेल गुंडाळून यंत्र मुद्दाम तापवायचे, थोडे दिवस तरी चालावं म्हणून. (तू असले उद्योग करू नकोस.) मायक्रोसॉफ्टने 2007 मध्ये त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापायी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे बुडाले नाहीत, पण यंत्र पाठवा, वाट बघा, ते परत येईपर्यंत हात चोळत बसा, हे सगळं त्याच्याच वाट्याला आलं.

आता हेच ऐकून बाबा म्हणतील, ‘बघ, वर्षभर थांब, तोवर सगळे दोष निघून जातात.’ तेही अर्धंच खरं. निन्टेन्डो स्विच 2017 च्या मार्चमध्ये आला. त्याच्या जॉय-कॉनची, म्हणजे हातात धरायच्या कंट्रोलरची, काडी कोणी हात लावला नाही तरी आपोआप एका बाजूला सरकते, ही तक्रार पुढे कित्येक वर्षं चालू राहिली, नंतरच्या मॉडेलांतही. हा दोष पहिल्या लॉटचा नव्हताच, रचनेतलाच होता. तिथे थांबणाऱ्यालाही काही मिळालं नाही. दुसरीकडे त्याच स्विचची बॅटरी सुरुवातीला गेमनुसार अडीच ते साडेसहा तास चालायची. 2019 मध्ये त्याच किमतीत साडेचार ते नऊ तास चालणारं मॉडेल आलं. तिथे थांबलेल्याचा फायदा झाला. कुठला दोष काळानं बरा होईल आणि कुठला नाही, हे पहिल्या दिवशी बाहेरून कळत नाही. क्वालिटीवाल्यांनाही नाही, हे आपल्यातच राहू दे.

किमतीचंही तसंच. हातात धरून खेळायचा निन्टेन्डो 3डीएस अमेरिकेत 2011 च्या मार्चमध्ये 250 डॉलरला आला आणि ऑगस्टमध्ये 170 डॉलरवर उतरला. आधी घेणाऱ्यांची समजूत काढायला कंपनीने वीस जुने गेम फुकट दिले. ‘थांबलं की स्वस्त होतं’ हे बाबांचं सूत्र अशाच उदाहरणांवर उभं आहे. पण सोनीचा प्लेस्टेशन 5 बघ. 2020 मध्ये आला तेव्हा महिनोन्महिने मिळतच नव्हता. मग 2022 मध्ये सोनीने बऱ्याच देशांत त्याची किंमत उलट वाढवली आणि 2025 मध्ये अमेरिकेतही. थांबलेल्यांनी जास्त मोजले. प्लेस्टेशन 3 च्या सुरुवातीच्या मॉडेलांत तर प्लेस्टेशन 2 ची चिप होती, जुने गेम त्यावर चालायचे. नंतर खर्च वाचवायला ती काढली. तिथे पहिले घेणारेच शहाणे ठरले.

तेव्हा बिघाडाच्या भीतीने थांबू नकोस आणि स्वस्त होईल या आशेनेही थांबू नकोस. त्या दोन्ही गोष्टी तुझ्या-माझ्या हातात नाहीत. हातात आहे ते एवढंच बघणं की पहिल्या वर्षात तू त्यावर खेळणार काय?

इथे मी जरा कठोर होणार आहे. तू ज्या तीन गेमची नावं लिहिलीस, त्यातले दोन तुझ्या आत्ताच्या कन्सोलवरही येणार आहेत. तिसऱ्याची तारीख अजून जाहीरच नाही. हे काही नवीन नाही. प्लेस्टेशन 5 आल्यावर दोन वर्षांनी, 2022 च्या नोव्हेंबरमध्ये, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक आला तोसुद्धा प्लेस्टेशन 4 वर चालत होता. लाखो लोकांकडे जुनं यंत्र असताना त्यांना गेम विकायचा नाही, एवढी कुठली कंपनी उदार नसते. नव्यावर चित्र जास्त देखणं दिसतं, गेम झटकन उघडतो, हे मान्य. त्या झटकन उघडण्यासाठी एवढे पैसे घालायचे का, हे तूच ठरव. माझं उत्तर नाही असं आहे.

एका कारणासाठी मात्र मी मत बदलेन. तुझा रात्रीचा खेळायचा कंपू. तुम्ही सगळ्या एकदम नव्या कन्सोलवर जाणार असाल आणि तुमचा नेहमीचा गेम फक्त तिथेच खेळता येणार असेल, तर पहिल्या महिन्याला खरंच किंमत आहे. सगळ्यांनाच काही येत नसतं, सगळ्याच एकदम हरतात, कोण कुठे अडकलं यावर दुसऱ्या दिवशी गप्पा होतात. सहा महिन्यांनी तू एकटी गेलीस तर यंत्र तेच असेल, पण बाकीच्या पुढे निघून गेलेल्या असतील. तू परगावी एकटी राहतेस आणि त्या कंपूशिवाय तुझी संध्याकाळ कशी जाते, ते मला ठाऊक आहे. यावर मी पैशांचा हिशेब मांडणार नाही. फक्त त्या खरंच घेणार आहेत का, ते स्पष्ट विचार. ग्रुपवर ‘घ्यायलाच पाहिजे’ म्हणणाऱ्या सगळ्या आणि पैसे भरणाऱ्या एक-दोन, असं सर्रास होतं.

घ्यायचाच ठरला तर हिशेब डब्याच्या किमतीवर थांबवू नकोस. एक गेम, लागला तर दुसरा कंट्रोलर, ऑनलाइन खेळायची वर्गणी आणि साठवणीची जागा, हे सगळं त्यात धर. साठवणीत फार लोक फसतात. प्लेस्टेशन 5 वर 825 जीबी लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात वापरायला सुमारे 667 मिळायचे. साठवण वाढवायला जास्तीची एसएसडी बसवायची खाच आत पहिल्यापासून होती, पण ती चालू झाली 2021 च्या सप्टेंबरमधल्या अपडेटनंतर. स्विच 2 ला तर गेमसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस हे जास्त वेगवान कार्डच लागतं, आधीच्या स्विचचं साधं कार्ड त्यात असून नसून सारखं. तेव्हा तुझ्या ड्रॉवरमधली कार्डं चालतील असं गृहीत धरू नकोस, आधी बघ.

पहिल्या झटक्यात मिळाला नाही तर दुप्पट पैसे मागणाऱ्या उपटसुंभांकडून घ्यायचा नाही. यावर मात्र मी मत देत नाहीये, नाहीच म्हणतेय. त्यांच्याकडचा डबा बिघडला तर वॉरंटी कोणाच्या नावावर, बिल कुठलं, इथपासून रडगाणं सुरू होतं.

माझं म्हणणं एवढंच की कंपू जात नसेल, तर त्या तिसऱ्या गेमची तारीख जाहीर होईपर्यंत थांब. तोवर पैसे खात्यात पडून राहिले तर बिघडत नाही. कंपू जात असेल तर प्री-ऑर्डर कर, पण ती रद्द करता येते का आणि पैसे किती दिवसांत परत येतात, ते आधी वाच. मोठ्या अक्षरातलं नव्हे, खालचं बारीक.

कोण कोण घेतंय ते कळलं की फोन कर. बाबांना मी आधीच बोलून ठेवते, नाहीतर ते तुला कोष्टक करून पाठवतील.

तुझी,
आई