रोमेओ मिवेकानिन यांना रत्नागिरीहून आभाराचं पत्र

प्रिय रोमेओ मिवेकानिन,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, पोचलं तर तुम्हाला मराठी कोण वाचून दाखवेल, याचा फार विचार न करता लिहायला बसले आहे. आभार तुमचे मानायचे आहेत, पण चारचौघांसमोर मानायचे आहेत. तुमचं नाव इकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही. ते ऐकावं, तुमची चित्रं शोधून पाहावीत, ही इच्छाही त्यात आहे.

मी रत्नागिरीत शाळेत चित्रकला शिकवते. तुमचं एकही चित्र मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. जी पाहिली ती कॉम्प्युटरवर, मोठी करून करून, शिवणीचे टाके दिसेपर्यंत. तरीही माझ्या वर्गात हल्ली जे चाललंय ते तुमच्यामुळे सुरू झालंय.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. तुमचा जन्म 1986 सालचा, आयव्हरी कोस्टमधल्या बुआके शहरातला. आधी सुतारकाम शिकलात, मग आर्किटेक्चर, आणि मग चित्रांकडे वळलात. आज तुम्ही फ्रान्समधलं तुलूझ आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशातलं कोतोनू अशा दोन्हीकडे राहून काम करता. आजचं बेनिन म्हणजे पूर्वीचं दाहोमेचं राज्य, आणि फ्रेंचांशी लढलेले तिथले राजे बेहान्झिन हे तुमचे पूर्वज.

सगळ्यात आधी मी अडकले ती तुमच्या कापडापाशी. तुम्ही दुकानातून ताणलेला कोरा कॅनव्हास आणत नाही. जुन्या, वापरलेल्या चादरी घेता, एकमेकींना जोडून शिवता आणि वनस्पतींच्या काढ्यात पुन्हा पुन्हा बुडवता. या बुडवण्याचं नातं वोदूनच्या विधींशी आहे. (वोदून म्हटलं की सिनेमातल्या टाचण्या टोचलेल्या बाहुल्या ज्यांना आठवतात त्यांच्यासाठी: बेनिनमध्ये हा लोकांचा जिवंत धर्म आहे आणि दरवर्षी जानेवारीत त्याच्या सणाची सरकारी सुट्टी असते.) काढ्यातून निघालेली चादर तपकिरी होते, कुठे गडद, कुठे फिकी. घड्या राहतात, डाग राहतात, शिवण तर उघडच दिसते. त्यावर तुम्ही काळ्या-पांढऱ्यात माणसं रंगवता आणि चौकट न घालता ते कापड तसंच लोंबतं ठेवता. ज्या चादरीवर कुणी जन्मलं, झोपलं, आजारी पडलं, तिच्यावरच इतिहासातली माणसं उभी करायची, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. आमच्याकडे चित्रकलेचं सामान म्हणजे शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातली वही आणि रंगपेटी. कापड स्वतःच काही बोलू शकतं, हे मुलांना दाखवायला माझ्याकडे तोवर एकही उदाहरण नव्हतं.

मग चेहरा. युरोपातली नावाजलेली चित्रं तुम्ही त्या चादरींवर पुन्हा रंगवता आणि त्यातल्या माणसांना स्वतःचा चेहरा देता. तो चेहरा सरळ पाहणाऱ्याकडे बघत असतो. फ्रेंच चित्रकार जेरिकोचं ‘मेदुसाचा तराफा’ घ्या. 1816 साली सेनेगलमधल्या सेंट लुईकडे निघालेलं मेदुसा हे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ फसलं, आणि तराफ्यावर सोडून दिलेल्या माणसांचं जेरिकोने 1819 साली भलंमोठं चित्र केलं. तराफ्याच्या टोकाशी कापड फडकवणारा माणूस कृष्णवर्णीय आहे. चित्रासाठी उभ्या राहिलेल्या मॉडेलांमध्ये हैतीहून आलेला जोसेफ होता. कित्येक पिढ्यांनी हे चित्र पाहिलं, जोसेफचं नाव किती जणांना ठाऊक होतं? फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांच्या ‘ऑलिम्पिया’तली फुलं घेऊन उभी असलेली बाई लॉर, मारी-गियमीन बेनुआच्या 1800 सालच्या चित्रातली ग्वादलूपची मादलेन, यांचीही तीच गत. 2019 साली पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात कृष्णवर्णीय मॉडेलांवर मोठं प्रदर्शन झालं तेव्हा ही नावं पुढे आणली गेली, काही चित्रांची नावंही तेवढ्यापुरती बदलली गेली. संग्रहालयाने पाटी बदलली ते चांगलंच केलं. तुम्ही मात्र त्या माणसांच्या जागी स्वतः जाऊन उभे राहिलात, आणि मला ते पाटी बदलण्यापेक्षा मोठं वाटतं.

तुमच्या घराण्याची गोष्ट वाचली आणि मी रत्नागिरीतच येऊन पोचले. फ्रेंच जनरल डॉड्सच्या फौजा 1892 साली दाहोमेची राजधानी अबोमेवर चालून आल्या तेव्हा बेहान्झिन यांनी आपला राजवाडा स्वतः पेटवून दिला. जानेवारी 1894 मध्ये ते शरण गेले. फ्रेंचांनी त्यांना समुद्रापार मार्तिनिक या कॅरिबियन बेटावर हद्दपार केलं, बरोबर बायका-मुलं. तिथे त्यांचे फोटो काढले गेले, पोस्टकार्डं छापून विकली गेली. किनारा राखणारा म्हणून ज्याने शार्क हे आपलं चिन्ह मानलं, त्या राजाचं बैठकीतलं पोस्टकार्ड! 1906 साली त्यांना अल्जीरियात आणलं आणि तिथेच ते वारले. अवशेष मायदेशी जायला 1928 साल उजाडलं.

आमच्या गावातही असाच एक परका राजा आहे. ब्रह्मदेशचा थिबा. इंग्रजांनी 1885 साली मंडाले घेतलं आणि त्याला कुटुंबासकट इथे आणून ठेवलं. 1916 साली तो रत्नागिरीतच वारला. त्याचे अवशेष अजून इथेच आहेत, आणि 2012 साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष त्याच्या कबरीपाशी येऊन गेले. थिबा पॅलेस आमच्या मुलांनी सहलीत पाहिलेला असतो, तिथल्या पॉइंटवर भेळ खाल्लेली असते. त्या राजाबद्दल मात्र परीक्षेत कुणी विचारत नाही, त्यामुळे तो कुणाच्या डोक्यातही नसतो. थोरल्या राजकन्येची मुलगी इथेच वाढली, मराठी बोलत म्हातारी झाली, हे सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही.

तुमची चित्रं दाखवून मी मुलांना घरून जुनं कापड आणायला सांगितलं. चादरी आल्या, आजोबांचं धोतर आलं, एकीने आजीच्या लुगड्याचा तुकडा आणला. तुमच्या काढ्यात काय काय असतं ते मला ठाऊक नाही आणि त्याची नक्कल करायचीही नव्हती, म्हणून इथलंच घेतलं. हिरडा कुटून उकळला आणि कापडं त्यात भिजवून वाळवली. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात घालून ठेवले होते. हिरड्याने पिवळसर झालेल्या कापडावर त्या पाण्यात बुडवलेला ब्रश टेकवला की रेघ बघता बघता काळी होते. पहिली रेघ काळी पडली तेव्हा सगळा वर्ग बाकांवरून उठून टेबलाभोवती गोळा झाला.

मग थिबाच्या कुटुंबाचा जुना फोटो समोर ठेवला आणि म्हटलं, यात तुम्ही कुठे आहात ते काढा. मला वाटलं होतं, मुली राण्या होतील. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, एवढ्या मोठ्या घरात पाणी कोणीतरी भरत असेलच ना? ती मी.” लुगड्याच्या त्या तुकड्यावर, काठाला अगदी लागून, तिने स्वतःला काढलं. कमरेवर कळशी, मान वळलेली, डोळे थेट आपल्यावर. काठाची जर तिच्या पायापाशी येत होती, ती तिने तशीच उघडी ठेवली. एक मुलगा दारावरचा पहारेकरी झाला. राजा फक्त एकाने रंगवला. मी त्यांना तुमच्या चित्रातल्या नजरेबद्दल काही सांगितलं नव्हतं, ती त्यांनी आपली आपण उचलली.

आणखी एक गोष्ट तुमच्यामुळे वर्गात बोलता आली. अबोमेहून लुटून नेलेल्या वस्तूंपैकी 26 वस्तू फ्रान्सने 2020 साली कायदा करून नोव्हेंबर 2021 मध्ये बेनिनला परत दिल्या. सिंहासनं, राजवाड्याची दारं, अर्धा माणूस आणि अर्धा शार्क असलेला बेहान्झिन यांचा पुतळा. 2022 साली कोतोनूला त्यांचं प्रदर्शन भरलं आणि आजच्या बेनिनी कलावंतांची कामंही त्याच प्रदर्शनात मांडली गेली. 2024 मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा आम्ही सगळे आनंदलो होतो, पण ती आली तीन वर्षांच्या बोलीवर. कायमचं परत देणं आणि मुदतीवर पाहायला देणं यातला फरक मुलांनीच काढला, आणि बराच वेळ तावातावाने वाद झाला. निकाल काही लागला नाही. मला तो तास अतिशय आवडला.

मुलांची कापडं शाळेच्या व्हरांड्यात दोरीला टांगली आहेत. पालक येतात, आपापल्या घरची चादर ओळखतात आणि मग चित्राकडे बघतात. हे सगळं तुम्ही केलेल्या कामातून आमच्यापर्यंत आलं. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. मुलांनी तुम्हाला एक प्रश्न विचारायला सांगितलाय: काढ्यात भिजवलेल्या चादरी पावसाळ्यात बुरशीपासून कशा वाचवता? आमच्या इथे जूनपासून तोच मोठा घोर लागतो. उत्तर फ्रेंचमध्ये आलं तरी चालेल, इथे कुणाला तरी गाठून वाचून घेऊ.

आपली कृतज्ञ,
रत्नागिरीतली एक चित्रकला शिक्षिका