पाईप नाही सडला, जॉइंट सुटला

मा. संपादक,

काल जलवाहिनी परत फुटल्याची बातमी वाचली आणि राहवलं नाही. पाईप निकृष्ट होता असं छापलंय तुम्ही, पण तुमचाच फोटो बघा ना, भोकं वेल्डच्या आजूबाजूलाच पडलीत, म्हणजे जॉइंटचं कोटिंग, गंज रोखणारा लेप, सुटलं. एकोणीस वर्षं हेच काम केलंय मी.

फॅक्टरीत लागलेलं कोटिंग सहसा जात नाही. टोकाला वीतभर लोखंड वेल्डिंगसाठी उघडं सोडतात, ते मात्र साईटवर, धुळीत झाकावं लागतं. आधी ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने खड्याचा मारा, करून लोखंड पांढरट, खरबरीत करायचं, खरबरीतपणा 50 ते 100 मायक्रॉन खोल, तेव्हा लेपाला धरायला जागा मिळते, आणि लोखंड दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, निदान 3 अंश गरम पाहिजे.

एरंडोलकडे एका कामावर श्रावणात सकाळी पाईपवर दव होतं, मी म्हटलं थांबा, आधी गरम करू, तर ठेकेदाराचा माणूस म्हणे काही व्हत नही भाऊ, फडकं मारा अन् स्लीव्ह (जॉइंटवर टॉर्चने तापवून आवळायचं प्लास्टिकचं वेष्टण) चढवा. ब्लास्टिंग नाहीच, नुसता वायर ब्रश. टॉर्च फिरवल्यावर वरून एकदम गुळगुळीत दिसत होतं. मी सही केली नाही, दुसऱ्याने केली. तीन वर्षांनी तोच जॉइंट खणला, कडेला चाकू लावला तर केळीची साल निघावी तशी स्लीव्ह हातात आली, खाली पाणी, काळा गाळ आणि लोखंडात बोटाचं टोक बसेल एवढा खड्डा. गंज थांबवायला पाईपला बारीक करंट देतात, त्याचं मीटरवर रीडिंग उणे 0.85 व्होल्टच्या पुढेच, म्हणजे कागदावर सगळं ठीक, पण सुटलेल्या स्लीव्हखाली करंट पोचतच नाही, तिथं लोखंड वाचणार कसं? त्यात आपली काळी जमीन, उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात फुगते, आणि प्रत्येक वेळी लेपाला ओढते, कच्चा चिकटलेला असला की सुटलाच.

आता म्हणे नवीन पाईप टाकणार. टाका, पण जॉइंट असेच केले तर तोही फुटेल. चार जॉइंटवर लेपाची पट्टी कापून ओढून बघा, सगळ्यांसमोर, आणि निकाल तुमच्या पेपरात छापा, एवढीच विनंती.

आणि आमच्या गल्लीतला चर होळीपासून उघडा आहे, परवा शाळेतलं पोरगं सायकलसकट आत पडलं, तेही छापा.

एक वाचक, जळगाव