तळव्यावरच्या शिवणीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : वेकबोर्डिंगच्या हातमोज्यांमधील सदोष शिवण, तिच्यामुळे सोलवटणारे घट्टे आणि तुमच्या प्रतिनिधीने दिलेले उत्तर

महोदय,

तुमच्या प्रतिनिधीशी आज झालेले बोलणे संपताच हे पत्र लिहायला घेतले आहे. यापुढे मला या विषयावर फोनवर बोलायचे नाही. माझे म्हणणे मी लेखी मांडते आहे आणि उत्तरही लेखीच हवे आहे. हातमोज्यांचा नवा नमुना ज्यांनी मंजूर केला त्यांच्यापर्यंत हे पत्र पोहोचवावे, कारण त्यांना दोष एका वाक्यात कळेल. बोटांचा तुकडा तळव्याच्या तुकड्याला जिथे जोडला आहे, ती दुपदरी शिवण नेमकी बोटांच्या मुळाशी येते आणि वेकबोर्डिंगमध्ये मोटरबोट फळीवर उभे राहणाऱ्याला ज्या दोराने ओढते, त्याच्या टोकाच्या हँडलवर भार पडला की ती कातडीत रुतते.

हाताला घट्टे पडतात ही माझी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करते, कारण तुमच्या प्रत्येक प्रतिनिधीने मला तेच समजावण्याचा प्रयत्न केला. जिथे दाब आणि घर्षण पुन्हा पुन्हा पडते तिथे त्वचेचा वरचा थर जाड होतो. ते शरीराने स्वतःसाठी केलेले संरक्षण आहे आणि वेकबोर्डिंग करणारा कोणीही त्याबद्दल कुरकुर करत नाही. तुमच्याच कंपनीचे आधीचे हातमोजे मी फाटेपर्यंत वापरले. त्यांचा तळवा अखंड होता आणि शिवणी कडेने वळवलेल्या होत्या. त्या काळातही माझ्या हाताला घट्टे होते, पण ते पातळ, सपाट आणि सगळीकडे सारखे होते, आणि त्यांचा मला कधी त्रास झाला नाही. नव्या हातमोज्यांनी जे घट्टे दिले त्यांना कड आहे. चारही बोटांच्या मुळाशी उंचवटे तयार झाले आहेत, आणि या उंचवट्यांची कड हँडलवर अडकते. कड अडकली की वरचा कडक थर एका बाजूला ओढला जातो, खालची मऊ त्वचा दुसरीकडे राहते, दोन्हींच्या मध्ये पाणी भरून फोड येतो आणि पुढच्या ओढीला अख्खी साल निघून येते. सपाट घट्टा हाताला राखतो आणि कड असलेला घट्टा हात सोलतो. माझी सगळी तक्रार या एका फरकाबद्दल आहे, आणि तो फरक तुमच्या शिवणीने निर्माण केला आहे.

मुठीत दांडा धरला की बोटांच्या मुळाशी असलेली कातडी दुमडते, आणि ती घडी एका बाजूने दांडा व दुसऱ्या बाजूने तळहाताची हाडे यांच्यामध्ये दाबली जाते. हातमोजा बनवणाऱ्याने सर्वांत आधी जपायची जागा हीच आहे. तिथे तुम्ही कापडाचे दोन पदर आणि त्यांवर धाग्याची जाड ओळ आणून ठेवली. त्यात भर म्हणजे हा हातमोजा पाण्यात सैल पडतो. कोरडा असताना तो अगदी अंगाबरोबर बसतो, तुमच्या मापाच्या तक्त्याप्रमाणेच मी तो घेतला आहे. पण भिजला की तळव्याचे कापड ताणले जाते, त्याची वळकटी होते आणि प्रत्येक ओढीबरोबर ती पुढेमागे सरकते. पाण्याने मऊ झालेल्या त्वचेवर घर्षण आधीच वाढलेले असते. हे हातमोजे पाण्यातल्या खेळासाठी विकले जातात, तेव्हा ते ओले असताना कसे बसतात हे विक्रीपूर्वी कोणीतरी पाहायला हवे होते.

आता फोनवर मिळालेल्या सल्ल्यांविषयी. पहिल्या प्रतिनिधीने मला घट्टे ब्लेडने कापून टाकायला सांगितले. हा सल्ला तुमच्या कंपनीच्या नावाने दिला जातो आहे हे व्यवस्थापनाला माहीत असणे आवश्यक आहे, कारण तो धोकादायक आहे. ब्लेड किती खोल गेले हे कापताना कळत नाही, उघड्या पडलेल्या त्वचेत जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि मधुमेहामुळे ज्यांच्या हातापायांची संवेदना कमी झाली आहे अशा व्यक्तीला तर झालेली जखम लक्षातही येणार नाही. घट्टा कमी करायचा असेल तर हात कोमट पाण्यात भिजवून वज्रीने हलक्या हाताने, थोडा थोडा घासायचा असतो, तोही पूर्ण काढून टाकायचा नसतो, केवळ त्याची कड सपाट करायची असते. त्यानंतर युरिया असलेले मलम रात्री लावावे. पाण्यात उतरण्यापूर्वी लावू नये, कारण त्याने त्वचा मऊ पडते आणि पकड निसटते. फोड आला तर त्याची वरची साल उपटू नये, स्वच्छ धुऊन झाकून ठेवावी. हे सगळे मी करते आहे. घासून कड सपाट केली की बरे वाटते, आणि तेच हातमोजे घालून पुन्हा पाण्यात उतरले की कड त्याच रेषेवर परत उभी राहते.

दुसऱ्या प्रतिनिधीने अधिक जाड अस्तराचा, वरच्या श्रेणीचा हातमोजा घ्यायला सुचवले. जाड अस्तर म्हणजे मुठीत येणारा दांडा तेवढाच जाड होणे. दांडा जाड झाला की तो धरून ठेवायला अधिक जोर लागतो, कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू लवकर थकतात, पकड घसरू लागते आणि घसरणारी पकडच घर्षण वाढवते. सदोष वस्तूची तक्रार करणाऱ्या ग्राहकाला त्याहून महाग आणि या कामासाठी त्याहून गैरसोयीची वस्तू विकण्याचा हा प्रयत्न होता, असे मी सरळ म्हणते.

आणि आता आजचा फोन. तो सविस्तर लिहिणे मला भाग आहे, कारण इतके अपमानास्पद बोलणे मी कोणत्याही कंपनीकडून ऐकलेले नाही.

दोष शिवणीचाच आहे हे दाखवण्यासाठी मी हातमोजा उलटा करून आतल्या शिवणीवर पेनच्या निळ्या शाईची रेघ ओढली होती. मग तो सुलटा करून, भिजवून हातात घातला, हँडल एका खांबाला बांधले आणि शरीराचा भार मागे टाकून ते धरून उभी राहिले. हातमोजा काढल्यावर तळहातावर निळी रेघ उमटली होती, आणि ती चारही घट्ट्यांच्या माथ्यावरून, एकही न चुकवता, गेली होती. याहून स्पष्ट पुरावा काय असू शकतो, हे मला कळत नाही. हातमोज्याचे आणि तळहाताचे फोटो मी तुम्हाला पाठवले आणि ते मिळाल्याची पोचही आली.

आजच्या प्रतिनिधीने फोटो समोर उघडे असल्याचे सांगितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘मॅडम, तुम्ही हँडल फार घट्ट धरता का?’’ मी सांगितले की मोटरबोट ताशी ३० ते ३५ किलोमीटर वेगाने ओढत असते, दोर जाणूनबुजून न ताणणारा बनवलेला असतो, त्यामुळे प्रत्येक हिसका थेट हातात येतो आणि हँडल धरावेच लागते. त्यावर ते म्हणाले, ‘‘तरी थोडे सैल धरून पाहा.’’ मी विचारले, शिवणीचे काय? ते म्हणाले, ‘‘शिवण उसवलेली नाही. हातमोजा फाटलेला नाही. म्हणजे वस्तूत दोष नाही.’’ मी म्हटले की शिवण उसवली नाही हीच अडचण आहे, ती चुकीच्या जागी पक्की बसलेली आहे, आणि फाटला आहे तो माझा हात. त्यावर तुमच्या प्रतिनिधीने, शब्द न शब्द मला आठवतो आहे, असे उत्तर दिले : ‘‘मॅडम, वॉरंटी हातमोज्याची आहे, हाताची नाही.’’

मी काही क्षण बोलूच शकले नाही. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी होकार असा घेतला असावा, कारण त्यांनी लगेच पुढचे सांगितले. फोटोत हातमोज्याच्या आत शाईचे डाग दिसत आहेत, ही वस्तूची अयोग्य हाताळणी आहे, म्हणून यापुढे वॉरंटी लागू राहणार नाही. दोष सिद्ध करण्यासाठी मी जी रेघ ओढली त्याच रेघेच्या आधारे तुम्ही दोषाची जबाबदारी नाकारलीत. आणि फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी मला तुमच्याच कंपनीचे हाताला लावायचे मलम घ्यायचे आहे का, असे विचारले.

ज्याची साल निघालेली आहे त्या हाताने मी तो फोन धरला होता.

हातमोजा हातासाठीच असतो. तो शाबूत राहिला आणि हात सोलला गेला, तर त्याने आपले काम केले असे कोणती कंपनी म्हणू शकते? वॉरंटी हाताची नाही, हे जर तुमचे खरोखरचे धोरण असेल, तर ते खोक्यावर, मापाच्या तक्त्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावे, म्हणजे विकत घेणाऱ्याला ते आधी कळेल. आणि ते धोरण नसेल, तर ते वाक्य उच्चारणाऱ्याच्या वतीने तुम्ही माझी लेखी माफी मागावी.

हँडल सैल धरण्याच्या सल्ल्याकडे पुन्हा वळते, कारण तो मी विसरू शकत नाही. पाण्यात बसलेल्या स्थितीतून मोटरबोट वर ओढते तेव्हा सर्वाधिक भार हातावर येतो. त्या क्षणी सैल धरलेले हँडल हातातून निसटते. धरायची योग्य पद्धत मला ठाऊक आहे : दांडा तळहाताच्या मध्यभागी कोंबायचा नाही, बोटांच्या आकड्यात धरायचा, म्हणजे कातडीची घडी कमी पडते. मी तसाच धरते. तुमची शिवण मात्र बोटांच्या आणि तळव्याच्या सांध्यावरच असल्यामुळे दांडा कसाही धरला तरी ती त्याच्याखाली येतेच. तुमच्याच कंपनीचे तेच हँडल मी हातमोज्यांशिवाय धरून पाहिले आहे. हात लाल होतो, पण त्या रेषेवर काही होत नाही. म्हणजे उघड्या हाताला जी इजा होत नाही ती तुमचा हातमोजा घातल्यावर होते.

याचेच मला सर्वांत वाईट वाटते. तुमचा जुना हातमोजा ज्याने बनवला त्याने कधीतरी स्वतः हँडल धरले असणार, हे तो हातात घालताच कळत असे. त्या विश्वासावर मी नवा जोड न घालून पाहताच घेतला आणि माझ्याबरोबर पाण्यात उतरणाऱ्या इतरांनाही तोच सुचवला. त्यांच्यापैकी ज्यांनी तो घेतला त्यांच्याही तळहातांवर आज त्याच जागी तेच उंचवटे आहेत. त्यांच्यासमोर मला मान खाली घालावी लागते, आणि ही वेळ तुम्ही माझ्यावर आणली आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. हातमोज्यांची पूर्ण किंमत परत करावी. बदली जोड मला नको, कारण त्यालाही हीच शिवण असणार. शाईच्या डागांचे कारण देऊन वॉरंटी रद्द केल्याची नोंद मागे घ्यावी. या नमुन्याची विक्री शिवणीची जागा बदलेपर्यंत थांबवावी आणि ज्यांनी तो आधीच घेतला आहे त्यांना तसे कळवावे. ब्लेडने घट्टे कापण्याचा सल्ला देणे आजपासून बंद करावे. ही मागणी केवळ माझ्यासाठी नाही, आणि तिला उत्तर देण्यासाठी तुम्हाला माझी पावती तपासण्याची गरज नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर हे पत्र, फोटो आणि पाठवलेल्या संदेशांच्या प्रती घेऊन मी ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. त्याच प्रती मी तुमचे हातमोजे विकणाऱ्या प्रत्येक दुकानदारालाही पाठवीन. हातमोज्यांचा जोड मी या पत्रासोबत परत पाठवत आहे. उजव्या हातमोज्यात निळी रेघ अजून आहे; ज्यांनी हा नमुना मंजूर केला त्यांनी तो भिजवून एकदा स्वतःच्या हातात घालावा, हँडल धरावे आणि मग मला उत्तर लिहावे.

आपली,
जुनी ग्राहक