सूचना : टू-स्ट्रोक गाड्यांची पावसाळ्यानंतरची तपासणी

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, डर्ट ट्रॅकसाठी (मातीच्या शर्यतमार्गासाठी) बदल केलेल्या जुन्या यामाहा आरएक्स १०० व येझदी मोटरसायकलींची तपासणी येत्या रविवारी सकाळी ८ वाजता आपल्या हडपसर येथील शेडमध्ये होईल. तपासणी न झालेली गाडी सरावास घेतली जाणार नाही.

१. उभ्या गाडीतील जुने पेट्रोल टाकी व कार्बोरेटर या दोन्हींतून पूर्ण काढूनच गाडी आणावी. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पुरेसा ओलावा शिरला की इथेनॉल व पाण्याचा थर तळाशी बसतो आणि त्या थरात टू-स्ट्रोक ऑईल (पेट्रोलसोबत इंजिनात जाऊन वंगण देणारे ऑईल) जवळजवळ नसते. त्यामुळे टाकीतच ऑईल मिसळाव्या लागणाऱ्या येझदीचा पिस्टन जाम होण्याचा धोका असतो.

२. आरएक्समध्ये हे ऑईल वेगळ्या टाकीतून पंपाने जाते; ती टाकी रिकामी झाली असल्यास ऑईल पंपातील हवा काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

३. क्रँकची (इंजिनातील मुख्य फिरत्या दांड्याची) सील नीट पाहावीत. मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचे सील कडक झाल्यास इंजिन तिथून बाहेरची हवा ओढते, अ‍ॅक्सिलरेटर सोडूनही आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढेच राहतात आणि स्पार्क प्लगचे टोक पांढरे पडते. क्लचकडचे सील गेल्यास गिअर ऑईल कमी होत जाते व सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो. हे न पाहता कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसण्याची आपल्याकडील सवय कृपया सोडावी.

४. फोमचा एअर फिल्टर घरीच धुऊन, वाळवून, ऑईल लावून आणावा.

आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्येच थांबल्याने काढलेला कोणताही मूळ भाग परस्पर भंगारात देऊ नये. शेडमध्ये धूम्रपानास सक्त मनाई आहे. येणाऱ्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत सचिवांकडे नाव नोंदवावे.