रात्रीच्या फेरीविषयी

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा 'बाबा, हे माझे काम आहे' असे म्हणून तू फोन ठेवलास. ऐरोलीच्या त्या एवढ्या मोठ्या इमारतीची तू व्यवस्थापक झालीस याचा मला किती अभिमान आहे, हे सांगायचे राहूनच गेले आणि रात्रीच्या फेरीला एकटी जाऊ नकोस, एवढेच मी म्हणत बसलो.

फेरी मारू नकोस असे मी कधीच म्हणणार नाही. रिकाम्या मजल्यावर एएचयूची, म्हणजे मजल्याला गार हवा पुरवणाऱ्या यंत्राची, घरघर ऐकू आली की त्या महिन्याच्या बिलाचे कारण तिथेच सापडते. पंखा ८० टक्के वेगाने चालला तर वीज जवळजवळ निम्मीच लागते, म्हणून पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी बसवतात. पण एखादी तक्रार आली की कोणीतरी तो व्हीएफडी बायपासवर टाकतो, पंखा पूर्ण वेगाने फिरत राहतो आणि पुढे वर्षभर तिकडे कोणी बघत नाही. ते बघणारे माणूस म्हणजे तू. फक्त गच्चीवर, कूलिंग टॉवरच्या शिडीवर चढताना वॉचमनला सोबत घे.

साहेब २० अंशांचा हट्ट धरत असतील तर वाद घालू नकोस. स्टार लेबलचे नवे रूम एसी १ जानेवारी २०२० पासून २४ अंशांवरच सुरू होतात आणि एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असे बीईई ही केंद्र सरकारची ऊर्जा बचतीची संस्था सांगते, हे त्यांना शांतपणे सांग. त्याआधी मात्र तक्रार करणाऱ्याच्या खुर्चीत थर्मामीटर घेऊन दहा मिनिटे बस. बहुतेक वेळा काचेतून येणारे ऊन किंवा हवेच्या मार्गातली बंद राहिलेली झडप, म्हणजे डॅम्पर, निघतो, आणि त्या एका खुर्चीसाठी सगळा मजला गारठवला जातो. पुन्हा शिकवायलाच लागलो, क्षमा कर. हे सगळे तुला माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

तू सात वर्षांची असताना एका रविवारी तुला प्लांट रूममध्ये नेले होते. घामेजलेल्या पाइपवर बोटाने तुझे नाव लिहीत तू विचारलेस, 'सगळे घरी गेलेत, मग हे कोणासाठी चालू आहे?' चौथ्या मजल्यावरच्या एका केबिनसाठी सगळ्या इमारतीचे पाणी गार करणारा अख्खा चिलर चालत होता आणि इतक्या वर्षांत मला तो प्रश्न पडला नव्हता. त्या केबिनला वेगळा स्प्लिट एसी मंजूर करून घ्यायला मला आठ महिने लागले, पण त्यानंतर रविवारी चिलर लागला नाही.

माझ्या उजव्या हाताचे तुला ठाऊकच आहे, म्हणून सांगतो, परवानाधारक इलेक्ट्रिशियन शेजारी असल्याशिवाय पॅनेल उघडू नकोस. कितीही घाई असली तरी नाही.

आईने मेथीचे लाडू केले आहेत, दादा शनिवारी आणून देईल. फेरी संपली की, कितीही वाजलेले असोत, मला फोन कर. आई झोपते, मी जागाच असतो. पहाटे तीनचा विजेचा लोड किती होता, तेही सांग.

तुझे,
बाबा