ठेक्याच्या मागून

मा. संपादक,

परदेशी गेलेल्या कलावंतांवर छापता, तर अमेरिकेच्या डेक्स्टर गॉर्डनवरही येऊ द्या. हा जॅझमधला टेनर सॅक्सोफोनवाला १९६२ मध्ये युरोपात गेला, पुढं कोपनहेगनमध्ये रमला. १९७६ मध्ये न्यूयॉर्कात परत वाजवला, तर लोकांनी डोक्यावर घेतला.

मी तीस वर्षं बँड पार्टीत सॅक्सोफोन वाजवतो. वरातीची धूळ रीडवर, म्हणजे फुंकायच्या पातळ पट्टीवर बसते. रात्री ती पेल्यात भिजत घालतो. पोरानं मोबाइलवर गॉर्डन ऐकवला. ठेक्याच्या किंचित मागं राहून वाजवते गडी! गाण्याआधी त्याचे बोलही म्हणून दाखवायचा. आमच्या वरातीत असं केलं तर नवरदेवाचा मामाच अंगावर येईल.

त्यात डीजे आला. यंदा तुळशीच्या लग्नानंतर मला तीनच सुपाऱ्या. आम्ही कुठं जावं?

– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा