आधी चाकं ठरव

उद्यमबाग, बेळगाव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली नव्या सायकलच्या पार्टची यादी नीट वाचली. फ्रेम तुझ्या मापाची निवडली आहेस, डिस्क ब्रेक घेते आहेस, हँडल खांद्यांच्या रुंदीचं घेते आहेस, हे सगळं मला पटलं. चाकांच्या ओळीपाशी मात्र थांबलो. 50 मिलिमीटर खोल कार्बन रिम, पुढे 20 आणि मागे 24 स्पोक, तेही सरळ डोक्याचे, म्हणजे चाकाच्या मध्याकडचं टोक न वाकवलेले. दिसायला देखणी जोडी आहे, खोटं कशाला बोलू. पण ही सायकल कुठे चालणार आहे त्याचा विचार करून मी लिहितोय.

तुझा बेत तूच सांगितलास. घरून निघून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, साखळीत चहा घ्यायचा आणि पुढच्या हिवाळ्यात 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांबची सफर, करायची. ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे थांबणं, खाणं, पंक्चर सगळं धरून ताशी पंधरा किलोमीटरच्या जरा खालीच सरासरी पडली तरी चालतं. खोल रिमचा फायदा असतो तो वेगात, वारा कापताना. ताशी पस्तीस-चाळीसने तासन् तास पळणाऱ्याला तो कामी येतो. तुझ्या दिवसाचा निकाल चाक शाबूत राहतं की नाही यावर लागणार आहे. शिवाय काकतीच्या पुढे महामार्गावर ट्रक शेजारून गेला की पुढच्या खोल रिमला वाऱ्याचा धक्का बसून हँडल ओढलं जातं. तू वजनाने हलकी, तुला तो जास्त जाणवेल.

वजनाचंही सांगतो. तू लिहिलंस की ही चाकं 400 ग्रॅमने हलकी आहेत आणि फिरणारं वजन दुप्पट मोजतात. वेग वाढवताना टायर-रिमचं वजन जवळजवळ दुप्पट भासतं, हे बरोबर. पण घाटात एका वेगाने चढताना चाकातला ग्रॅम आणि बाटलीतला ग्रॅम सारखाच. तू, सायकल, पाणी, सामान मिळून 80 किलो धर. 400 ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का. तासभराच्या चढाला अठरा सेकंद वाचले. एवढ्यासाठी मी दुरुस्तीची सोय सोडणार नाही, आणि तूही सोडू नयेस असं मला मनापासून वाटतं.

आता स्पोकचं, कारण सगळं तिथे आहे. चाक उभं राहतं ते ताणावर. तू सीटवर बसलीस की हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) खाली आलेल्या स्पोकांचा ताण थोडा उतरतो, चाक पुढे गेलं की परत चढतो. 28 मिलिमीटर रुंद टायरची एक फेरी सुमारे 2.13 मीटरची. म्हणजे एका किलोमीटरला प्रत्येक स्पोक जवळपास 470 वेळा सैल-घट्ट होतो, 200 किलोमीटरला 90 हजारांच्या वर. मुळात ताण कमी असेल तर खालचा स्पोक पार ढिला पडतो, निपल (स्पोकला रिमपाशी धरणारं छोटं नट) हळूहळू फिरत सुटतं, आणि स्पोक हबच्या भोकापाशी थकून तुटतो. लोकांना वाटतं खड्ड्याने तुटला. खड्डा शेवटचा धक्का देतो एवढंच, धातू त्याच्या फार आधीपासून थकत आलेला असतो. आपल्या शेडमध्ये शाफ्ट तुटून आला की तुटलेल्या तोंडावर लाटांसारख्या रेघा दिसतात, तू लहानपणी बघितल्या आहेस. तोच प्रकार.

म्हणून माझं म्हणणं असं: साधी अ‍ॅल्युमिनियमची रिम, खोली 25 ते 30 मिलिमीटर, आतली रुंदी 21 च्या आसपास, दोन्ही चाकांना 28 स्पोक, तीन क्रॉस, म्हणजे प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडून जाणारा. स्पोक वाकड्या डोक्याचे, दोन्ही टोकांना 2 मिलिमीटर आणि मधे 1.8 पर्यंत बारीक केलेले. मधला बारीक भाग जास्त ताणला जातो, त्यामुळे टोकाच्या वाकणावरचा मार हलका होतो. हलका स्पोक जास्त टिकतो हे ऐकायला उलटं वाटेल, पण तसंच आहे. सरळ डोक्याचा स्पोक घट्ट करताना पान्याबरोबर स्वतःच फिरतो, आणि वाटेत तुटला तर त्या लांबीचा मिळायची मारामार. निपल पितळेचंच घे. अ‍ॅल्युमिनियमचं थोडं वजन वाचवतं, पण आपला पाऊस आणि गोव्याची खारी हवा त्याचे आटे जाम करते. 28 पैकी एक तुटला तर ब्रेकची चकती जागेवर राहते, चाक थोडं आउट (डुलत) फिरतं, तेवढ्यावर घरी येता येतं. 20 पैकी एक तुटला की टायर फ्रेमला घासू शकतो.

मागच्या चाकात कॅसेटमुळे (गियरच्या चकत्यांच्या गठ्ठ्यामुळे) हबचा उजवा फ्लँज, म्हणजे स्पोक अडकवायची कड, आत सरकलेला असतो. रिम मधोमध आणायची तर उजव्या स्पोकांना जास्त ताण द्यावा लागतो आणि डावे त्याच्या निम्म्यापेक्षा थोड्याच जास्त ताणावर राहतात. उजवीकडे 110 ते 120 किलो, रिम बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या आत. कारखान्यातून येणारी स्वस्त तयार चाकं इथेच मार खातात, डावी बाजू ढिली असते. हाताने बांधलेल्या चाकाचा सगळा गुण या एका गोष्टीत आहे: एका बाजूचे सगळे स्पोक सारखे ताणलेले. बोटाने वाजवले तर एकाच सुराचे वाजायला हवेत.

हबमध्ये काट्रिज बेअरिंग (अख्खं बदलता येणारं बंद बेअरिंग) घे, आणि नंबर विचारून घे. 6902 असेल तर उत्तम: 15, 28, 7 चं माप, दोन्ही बाजूंना रबरी सील. हे बेअरिंग कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, सायकलच्या दुकानाची वाटच बघायला नको. पावसात जांबोटीकडून येताना तांबडा चिखल सगळीकडे शिरतो, त्यामुळे सील महत्त्वाचं. छर्रे आणि कोनवाला हबही वाईट नसतो, नीट जमवला तर वर्षानुवर्षं चालतो, पण त्याला वेळेवर उघडणारा हात लागतो. पुण्यात तुझी नोकरी बघता ते होणार नाही.

टायर मात्र 28 ऐवजी 30 मिलिमीटरचा घे. फ्रेममध्ये 32 बसतो की नाही तेवढं आधी विचार. तुझ्या वजनाला 60 पीएसआयच्या आसपास पुरे, टणक फुगवलेला टायर खराब डांबरावर उड्या मारतो आणि वेग खातो. बाची ओलांडून शिनोळीकडे जाताना बघ, रस्ता किती वेळा बदलतो. ट्यूबलेस करणार असशील तर रिम हुकवाली, म्हणजे टायरची कड धरणारी आतली वळवलेली धार असलेली, असू दे. हुकलेस रिमवर 5 बारच्या वर हवा भरता येत नाही आणि टायरही ठरावीकच चालतात, अडचणीच्या जागी मिळेल तो टायर घालायची सोय राहत नाही. आणि उसाच्या हंगामात निपाणी-संकेश्वर भागात रात्री चालवणार असशील तर पुढचा दिवा चांगला घे. ट्रॉलीतून पडलेला ऊस अंधारात दिसत नाही. डायनॅमो हबचा, म्हणजे चाक फिरताना दिव्याला वीज देणाऱ्या हबचा, विचार मात्र आत्ता नको, 400 ची ब्रेव्हे करशील तेव्हा बघू.

गियरबद्दल तुझी निवड शिमानो कंपनीचा 105 हा इलेक्ट्रॉनिक संच. 12 गियरचं 105 आधी 2022 मध्ये इलेक्ट्रॉनिकच आलं, केबलवालं 2023 मध्ये आलं. मी केबलवालं घेतलं असतं. केबल तुटली तर खिशातली दुसरी घालता येते आणि वाचलेल्या पैशात चांगल्या रिम, चांगले स्पोक येतात. पण हा तुझा आवडीचा भाग आहे, मी अडवणार नाही. एवढं नक्की कर: पुढे 50-34 आणि मागे 11-34 दात्यांच्या चकत्या. मग सगळ्यात हलका गियर एकास एक पडतो आणि मिनिटाला पेडलचे 60 फेरे मारले तरी ताशी साडेसात किलोमीटरने वर जाता येतं. राजहंसगडाच्या शेवटच्या चढावर तुला हाच गियर लागेल, आणि गुडघे वाचतील. ही 105 ची 11-34 कॅसेट 11 गियरच्या जुन्या शिमानो फ्रीहबवरही (हबचा कॅसेट बसवायचा भाग) बसते, म्हणजे हबची निवड मोकळी राहते.

बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचं बेअरिंग) आट्यांचंच असलेली फ्रेम घेते आहेस हे वाचून बरं वाटलं. प्रेसफिटमध्ये, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवलेल्यात, भोकाचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत चुकलं तरी काही महिन्यांत करकर सुरू होऊ शकते, आणि कार्बनच्या भोकात पुन्हा बोअर मारायला जागा नसते. आट्याचं असलं की उघडा, पुसा, ग्रीस लावा, बसवा. फक्त लक्षात ठेव, उजवीकडचे आटे उलटे असतात. नवखा माणूस तिथे जोर लावून आटे खातो.

चेनसाठी तुला एक चांगली स्टीलची पट्टी देतो. नवी चेन बारा इंचाला बरोबर बारा असते. दीड मिलिमीटर वाढली की अर्धा टक्का झाली, तेव्हाच बदलायची. त्यानंतर ती कॅसेट खायला लागते, आणि 12 गियरची कॅसेट महाग पडते.

चाकं तू बांधायचीस, मी शेजारी बसेन. शेडमधला मापाचा डायल लावू, रिमचा आउट पाव मिलिमीटरच्या आत आणू, स्पोकच्या जोड्या हाताने दाबून बसवू आणि परत तपासू. त्यासाठी आधी मला मापं हवीत. हब ठरला की फ्लँजच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, मध्यापासून दोन्ही फ्लँजचं अंतर आणि रिमचा निपल टेकतं तिथपर्यंतचा व्यास कळव. स्पोकची लांबी मी काढतो, डावी-उजवीची एक-दोन मिलिमीटरने वेगळी येईल. रिमचा व्यास कंपनीच्या कागदावरून घेऊ नकोस, रिम हातात आल्यावर आपण मोजू आणि मगच स्पोक मागवू. तयार चाकांची ऑर्डर तोवर देऊ नकोस.

आई विचारते, दिवाळीला किती दिवस येतेस.

तुझे
बाबा